बंडी नेमकी कुठं असते?

चाकं नवी, आस बदललेला, जू यंदाचंच. तरी गावात ती ‘आजोबाच्या वेळची बंडी’. वस्तू म्हणजे काय, हे तपासायला आपल्या वऱ्हाडी बैलगाडीइतका चांगला नमुना नाही.

नागसेन या बौद्ध भिक्खूनं ग्रीक राजा मिलिंदाला रथावरूनच पेचात धरलं होतं. दांडी म्हणजे रथ का? आस? चाकं? जू? राजा नाही-नाही म्हणत गेला आणि शेवटी हाती उरलं ते व्यवहारापुरतं नाव. न्याय आणि वैशेषिक या जुन्या भारतीय दर्शनांना हे पटत नाही. अवयव जुळले की त्यांच्याहून वेगळा ‘अवयवी’, म्हणजे अख्खी वस्तू, खरोखर उपजतो, समवायानं, म्हणजे न सुटणाऱ्या संबंधानं, त्यांच्यात राहतो. मात्र हिशेब कडक: एक आरा काढला की जुनी बंडी संपली, उरली ती नवी. मग ‘तीच’ का वाटते? दिव्याच्या ज्योतीसारखी, सारखेपणामुळे. बंडीच्या मालकाला हे सांगून पाहावं!

कपाशीचं ओझं आणि बंडी यांचं नातं साधं, संयोगाचं, म्हणजे जुळणारं-सुटणारं. उतरवलं की दोन्ही शाबूत.

खरी गंमत धावेत, म्हणजे चाकावरच्या लोखंडी कड्यात आहे. तुंबा (चाकाचा मधला गड्डा), 12 आरे, घेराचे लाकडी तुकडे कितीही ठोकून बसवले तरी चाक खुळखुळतंच. म्हणून लोखंडी धाव मुद्दाम घेरापेक्षा थोडी आखूड करतात. गोवऱ्यांच्या आगीत लाल झाली की 5 फुटी चाकाची धाव घेरात इंचभर तरी वाढते. तेवढ्यात चिमट्यांनी उचलायची, घणानं बसवायची, लगेच पाणी ओतायचं. पाण्याला उशीर झाला तर लाकूड जळून जागा सैल होते; धाव फारच आखूड असेल तर आवळून आरे वाकतात. वैशाखात लाकूड आटतं, धाव ढिली पडते, म्हणून चाकं पाण्यात टाकून ठेवतात. शास्त्राच्या भाषेत अवयव हे समवायी कारण (ज्यात वस्तू राहते ते), वाढई म्हणजे सुतार हा निमित्त (घडवणारा), आणि अवयवांचा संयोग, त्यांची जुळणी, हे असमवायी कारण. तो संयोग सुटला की लाकूड-लोखंड धडधाकट असूनही अवयवी नाहीसा. बंडी बहुधा अशीच मरते.

वैशेषिकांनी पुढं ‘अभाव’ हाही 7 वा पदार्थ, म्हणजे असण्याचा मूळ प्रकार, धरला. आसाच्या टोकाची खीळ नसणं काय असतं, हे भर उतारावर कळतं.

राहिला बैल. तान्ह्या पोळ्याला पोरं चाकांवरचा लाकडी बैल घेऊन दारोदार फिरतात. त्यात गोत्व, म्हणजे गाय-बैलांची जात, नाही. ॲरिस्टॉटलच्या लेखी चित्रातल्या प्राण्यासारखा तो नावापुरताच बैल. बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मात्र पोरांना खऱ्या बैलाच्या हिशेबानं लागतो.