एआयकडून हवे तसे चित्र काढून घेताना

एआयकडून चित्रे काढून घेणाऱ्यांची नेहमीची तक्रार अशी असते की चित्र देखणे येते, पण सांगितलेले येत नाही. तक्रार रास्त आहे, आणि चित्र काढणारे एआय, म्हणजेच मॉडेल, कोणत्या चित्रांवर शिकून वाढले आहे हे ध्यानात घेतले की तिचा बराचसा उलगडा होतो. मी स्टेबल डिफ्युजन हे लेखी सूचनेवरून चित्र काढणारे मॉडेल घरच्याच संगणकावर चालवते, त्यामुळे पुढचे सगळे त्याला धरून आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये हे मॉडेल सर्वांसाठी खुले झाले, आणि त्याच्या आतल्या बहुतेक खुंट्या वापरणाऱ्याला स्वतः पिळता येतात, ही सोय पैसे भरून वापरायच्या बंद सेवांत सहसा मिळत नाही.

या मॉडेलच्या सुरुवातीच्या आवृत्त्या लायन नावाच्या संग्रहातील चित्रांवर, म्हणजे इंटरनेटवरून गोळा केलेल्या आणि मुख्यतः इंग्रजी ओळी जोडलेल्या चित्रांवर शिकल्या. त्यामुळे देवनागरीत लिहिलेली सूचना त्यांच्या जवळपास डोक्यावरून जाते आणि सूचना इंग्रजीतच द्यावी लागते. पण इंग्रजीत लिहूनही प्रश्न पुरता सुटत नाही. वाड्याच्या ओसरीवर तांदूळ निवडत बसलेली नऊवारीतली आजी असे चित्र मला एका कथेसाठी हवे होते. ‘नऊवारी’ हे नाव रोमन लिपीत लिहिले की पाचवारी साडी, क्वचित चक्क घागरा, भरजरी दागिने आणि मागे झेंडूच्या माळा असे लग्नाच्या जाहिरातीत शोभेल असे काहीतरी येते. ज्या वस्तूची छायाचित्रे त्या संग्रहात नावानिशी फारशी नव्हती, तिचे नाव घेऊन मॉडेलला काही बोध होत नाही, आणि मग ते ‘भारतीय स्त्री’ या ठोकळेबाज कल्पनेकडे घसरते. हा दोष याच मॉडेलचा आहे असे नाही: ‘रेस्ट ऑफ वर्ल्ड’ या वृत्तसंकेतस्थळाने २०२३ मध्ये मिडजर्नी या दुसऱ्या चित्रे काढणाऱ्या एआयकडे ‘भारतीय व्यक्ती’ मागून पाहिली, तेव्हा जवळजवळ प्रत्येक चित्रात दाढीवाला म्हातारा पुरुषच आला होता.

यावरचा उपाय म्हणजे नाव बाजूला ठेवून डोळ्यांना जे दिसते ते लिहायचे. नऊवारीऐवजी ‘सुती साडी, दोन्ही पायांभोवती धोतरासारखी वेगवेगळी गुंडाळलेली, निऱ्या पायांमधून मागे नेऊन कमरेत खोचलेल्या, पोटऱ्या दिसतात’ असे इंग्रजीत लिहिले की कासोटा अगदी बिनचूक नाही, तरी ओळखता येईल इतका जमतो. सुपाचेही तसेच. ‘बांबूचे विणलेले सपाट तबक, तीन बाजूंना काठ, पुढची बाजू उघडी’ असे लिहिल्यावर वाडगे आणि टोपल्या येणे बरेच कमी होते. प्रकाशाबद्दलही हेच करावे. ‘प्रसन्न वातावरण’ या शब्दांतून मॉडेलला काही मिळत नाही, ‘डावीकडून येणारे दुपारचे तिरपे ऊन, मागची भिंत सावलीत’ यातून पुष्कळ मिळते. मात्र लांबीला मर्यादा आहे. जुन्या आवृत्त्यांतील भाषेचा भाग एका वेळी शब्दांचे सुमारे ७५ तुकडेच वाचतो, म्हणून मुख्य विषय आधी आणि सजावट शेवटी लिहावी. सूचनेच्या शेपटाला ‘उत्कृष्ट कलाकृती’, ‘८के’, ‘अतिशय तपशीलवार’ असे शब्द लावण्याची जी प्रथा पडली आहे, ती मला फारशी पटत नाही. त्या शब्दांनी चित्र गुळगुळीत होते खरे, पण त्याच गुळगुळीतपणात आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही जातात.

नको असलेल्या गोष्टी मुख्य सूचनेत लिहू नयेत. ‘दागिने नकोत’ असे लिहिले की त्यातला ‘दागिने’ तेवढा पोहोचतो आणि ‘नकोत’ वाटेतच हरवते. त्यासाठी निगेटिव्ह प्रॉम्प्टचा वेगळा रकाना असतो. मॉडेल निव्वळ गोंगाटापासून, म्हणजे विस्कळीत ठिपक्यांपासून, सुरुवात करते आणि तो पायरीपायरीने हटवत चित्र काढते. अशा प्रत्येक पायरीवर ते दोन अंदाज करते, एक मुख्य सूचनेप्रमाणे आणि दुसरा निगेटिव्ह रकान्याप्रमाणे, आणि मग त्या दोहोंतला फरक वाढवून पहिल्याच्या दिशेने सरकते. हा फरक किती पट वाढवायचा ते सीएफजी स्केल ठरवते. ७ च्या आसपास ते ठीक चालते. फार वाढवले तर सूचना अधिक काटेकोरपणे पाळली जाते, पण रंग भडक होतात आणि कडा करपल्यासारख्या दिसतात.

चेहरे आणि हात बिघडण्यामागे एक कारण असे आहे की ते कळले म्हणजे निम्मी चिडचिड कमी होते. स्टेबल डिफ्युजन चित्रावर थेट काम करत नाही, आधी ते आक्रसून घेते: ५१२ बाय ५१२ पिक्सेलचे चित्र आत ६४ बाय ६४ चौकटींचे असते, म्हणजे ८ बाय ८ पिक्सेलच्या तुकड्याला एकच चौकट मिळते. ओसरीचे सबंध दृश्य घेतले आणि आजीचा चेहरा ४० पिक्सेल रुंद आला, तर डोळे, नाक, ओठ आणि नथ या सगळ्यांना मिळून रुंदीत पाचच चौकटी उरतात. एवढ्या जागेत चेहरा वितळणारच. सुरुवातीलाच मोठे चित्र मागण्याचा मोह होतो, पण ५१२ वर शिकलेली आवृत्ती दुप्पट उंचीच्या चित्रात एकावर एक दोन माणसे किंवा दोन डोकी रचून ठेवते. त्याऐवजी आधी दृश्य जमवावे, मग इनपेंटिंगमध्ये (चित्राचा निवडलेला भागच पुन्हा काढण्याच्या सोयीत) फक्त चेहऱ्यावर मुखवटा रंगवून, तेवढाच भाग पूर्ण आकारात पुन्हा काढण्याचा पर्याय निवडावा आणि सूचनेतही फक्त चेहऱ्याचेच वर्णन ठेवावे. मॉडेल तो तुकडा मोठा करून रंगवते आणि लहान करून जागच्या जागी बसवते. सुपावरच्या बोटांसाठीही हाच मार्ग आहे. एक हिरव्या साडीतली आणि एक लाल साडीतली अशा दोन बायका एकत्र मागितल्या की रंग एकमेकींत मिसळतात, तेव्हाही एकेकीवर मुखवटा घालून काम केले तर निभते.

हे करत असताना सीड कायम ठेवावे. सीड म्हणजे सुरुवातीचा गोंगाट ठरवणारा आकडा. तो तोच ठेवून सूचनेतला एकच शब्द बदलला तर त्या शब्दाने नेमके काय केले ते दिसते. दर वेळी नवे सीड आणि नवी सूचना असे दोन्ही बदलत राहिले, तर चांगले चित्र कशामुळे आले हे कधीच कळत नाही. पायऱ्यांच्या संख्येवर मात्र वेळ घालवू नये, २० ते ३० पुरतात.

काही गोष्टी शब्दांत मावतच नाहीत. कासोट्याची मागची बाजू कितीही वर्णन केली तरी नीट येईना, तेव्हा कागदावर पेन्सिलीने काढलेले ओबडधोबड रेखाटन देणे जास्त सोपे गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या ल्यूमिन झांग आणि मनीष अग्रवाला यांनी मांडलेले कंट्रोलनेट अशा रेषा, किंवा छायाचित्रातल्या माणसाची बसण्याची ढब, जशीच्या तशी धरून ठेवते आणि रंग, पोत व प्रकाश यांचे काम मॉडेलवर सोडते. ते नसेल तर चित्रावरून चित्र करण्याची साधी पद्धतही चालते; तिथे डीनॉइझिंगचा आकडा, म्हणजे मूळ चित्र किती बदलायचे ते ठरवणारा आकडा, ०.४ च्या जवळ ठेवला तर मूळ मांडणी टिकते, ०.८ च्या पुढे गेला तर रेखाटनाचा मागमूस राहत नाही.

देवनागरी अक्षरे मॉडेलकडून काढून घेण्याच्या भानगडीत पडू नये. या आवृत्त्या शिरोरेखेसारखी आडवी रेघ देतात आणि खाली अक्षरांसारखे दिसणारे निरर्थक आकार टांगतात. शीर्षकासाठी जागा मोकळी सोडावी आणि इंकस्केपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ते टाइप करावे.

जमलेले चित्र मूळ पीएनजी फाइलीतच जपून ठेवावे. स्टेबल डिफ्युजन चालवण्यासाठीचा ऑटोमॅटिक११११ सारखा मंच सूचना, सीड, सीएफजी हे सगळे त्या फाइलीतच लिहून ठेवतो आणि महिन्यांनंतरही ते वाचून दाखवतो. तीच फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली की ती जेपीईजी होते आणि ही नोंद पुसली जाते, म्हणून कोणाला पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.