बंद पडलेल्या शटलच्या फलाटावरचा सिनेमा

‘द टेकिंग ऑफ पेल्हम वन टू थ्री’ हा न्यूयॉर्कच्या सबवेतली गाडी ओलीस धरणाऱ्या चोरांवरचा १९७४ चा चित्रपट लावा आणि गाडी २८व्या रस्त्याच्या स्टेशनात उभी असते तिथे थांबवा. माणसांकडे बघू नका, फलाट बघा. दोन रुळांच्या मधोमध एकच फलाट आहे, दोन्ही कडांना गाडी लागू शकेल असा. आता मॅनहॅटनमधलं खरं २८व्या रस्त्याचं स्टेशन आठवा. लेक्सिंग्टन अॅव्हेन्यूच्या या मार्गावर चार रूळ आहेत. मधले दोन जलद गाड्यांचे, कडेचे दोन धीम्या गाड्यांचे. २८व्या रस्त्यावर फक्त धीमी गाडी थांबते, म्हणून तिथे भिंतीला लागून दोन कडेचे फलाट आहेत आणि मध्ये जलद रूळ. मधला फलाट तिथे असणंच शक्य नाही.

पडद्यावर दिसतं ते ब्रुकलिनमधलं कोर्ट स्ट्रीट स्टेशन. न्यूयॉर्कच्या सबवेवरचे जुने चित्रपट कितपत खरे, हे तपासायचं तर सुरुवात या स्टेशनापासूनच करावी लागते.

कोर्ट स्ट्रीट १९३६ साली उघडलं. पुढे मार्ग नदीखालून मॅनहॅटनमध्ये न्यायचा बेत होता, तो कधी झाला नाही. त्यामुळे तिथून जेमतेम एका स्टेशनाचं शटल धावत राहिलं, होयट–शर्महॉर्न स्ट्रीटपर्यंत. आसपास चालत जाण्याच्या अंतरावर दुसरी मोठी स्टेशनं होती, एवढ्याशा प्रवासासाठी खाली कोण उतरणार? १९४६ मध्ये शटल बंद झालं. मागे उरलं ते एक पूर्ण बांधलेलं, रूळ आणि वीज असलेलं, चालू जाळ्याला जोडलेलं, पण एकही प्रवासी नसलेलं स्टेशन. चित्रीकरण करणाऱ्याला याहून चांगली जागा मिळणं कठीण. गाडी खरी आणता येते, हवी तितक्या वेळा पुढे-मागे करता येते, आणि एकाही माणसाची कामावर जायची गाडी चुकत नाही.

याच शटलच्या दुसऱ्या टोकाला, होयट–शर्महॉर्नला, सहा रूळ आहेत. शटल बंद पडल्यावर तिथले कडेचे दोन फलाट रिकामे झाले. ‘द वॉरियर्स’ (१९७९) मधला फलाटांवरचा बराच भाग तिथे चित्रित झाला. मायकल जॅक्सनचा १९८७ चा ‘बॅड’चा व्हिडिओसुद्धा याच स्टेशनातला. म्हणजे दहा वर्षंच चाललेल्या, एका स्टेशनाच्या शटलची दोन्ही टोकं जगभरच्या प्रेक्षकांनी पाहिली आहेत, फक्त निराळ्या नावांनी.

हे न्यूयॉर्कपुरतं नाही. लंडनमधलं ऑल्डविच हेही होबर्नहून निघणाऱ्या एका छोट्या फाट्याचं टोक, १९९४ मध्ये बंद झालेलं आणि आज चित्रीकरणासाठी दिलं जाणारं. पॅरिसमध्ये पोर्त दे लिला स्टेशनातला एक फलाट १९३९ मध्ये बंद पडलेल्या अशाच शटलचा. त्याला रेल्वेवालेच ‘पोर्त दे लिला–सिनेमा’ म्हणतात, आणि गोष्टीप्रमाणे त्यावरची पाटी बदलली जाते. आपल्याकडे दिवा-पनवेलसारख्या शटलशी ज्यांचा रोजचा संबंध आहे त्यांना यातलं मर्म लगेच कळेल. मुख्य मार्गावर कॅमेऱ्यासाठी जागा नसते, फाट्याच्या टोकाला ती सापडते.

पण फाट्याच्या टोकाचं स्टेशन मुख्य मार्गावरच्या स्टेशनासारखं दिसत नाही. चुका शिरतात त्या इथूनच.

न्यूयॉर्कमध्ये त्यात आणखी एक अडचण आहे, डब्यांच्या रुंदीची. सबवे तीन वेगळ्या यंत्रणांनी बांधली. त्यातली सर्वात जुनी आयआरटी, आज ज्या मार्गांना आकडे आहेत ती. तिचे डबे ८ फूट ९ इंच रुंद आणि ५१ फूट लांब. बीएमटी आणि आयएनडी या दोन्हींचे, म्हणजे अक्षरांच्या मार्गांचे डबे १० फूट रुंद, लांबी ६० फूट किंवा त्याहून जास्त. रुळांची रुंदी मात्र सगळीकडे सारखीच. त्यामुळे अरुंद डबा रुंद बोगद्यात जाऊ शकतो, रुंद डबा अरुंद बोगद्यात अडकतो. पेल्हमची गाडी ६ क्रमांकाची, म्हणजे आयआरटीची, आणि कोर्ट स्ट्रीट आयएनडीचं. गाडी तिथे आणता आली ती याच कारणाने. पण १५ इंचांचा फरक दोन बाजूंना वाटला गेला की डबा आणि फलाट यांत नेहमीपेक्षा सुमारे साडेसात इंच जास्तीची फट पडते. एवढ्या फटीत पाय जातो. रोजच्या वाहतुकीत असं चालवून घेतलंच नसतं.

भिंतीवरून ओळखायचं तर तेही सोपं आहे. १९०४ च्या आयआरटी स्टेशनांवर नक्षीची चौकट, रंगीत चिनीमातीच्या पाट्या असतात. अॅस्टर प्लेसच्या भिंतीवर बीव्हर कोरलेला आहे. १९३० च्या दशकातल्या आयएनडी स्टेशनांवर साध्या पांढऱ्या फरशा, एक रंगीत पट्टा आणि ठसठशीत सरळ अक्षरं. पाटी बदलता येते, पण फरशीचं वय लपत नाही.

आता गाडीबद्दल. इथे पेल्हमवाल्यांनी फार नेटकं काम केलं आहे, आणि त्याचं कौतुक पुरेसं होत नाही. शीर्षकातले आकडे म्हणजे गाडीची ओळख: पेल्हम बे पार्कहून दुपारी १ वाजून २३ मिनिटांनी सुटलेली. न्यूयॉर्कचे कर्मचारी गाडीला असंच, सुटण्याचं ठिकाण आणि वेळ लावून हाक मारतात. खंडणीसाठी तासाची मुदत ३ वाजून १३ मिनिटांना संपते, म्हणजे गाडी ताब्यात घेतली ती २ वाजून १३ च्या सुमारास. ब्राँक्सच्या टोकापासून सगळ्या स्टेशनांवर थांबत २८व्या रस्त्यापर्यंत पन्नास मिनिटं हा हिशेब पटण्यासारखा आहे. कोणीतरी वेळापत्रक समोर ठेवून बसलं असणार.

पहिला डबा सोडवून तेवढाच पुढे नेतात, तेही बरोबर. त्या गाडीचे डबे आर-२२ प्रकारचे, आणि आर-२२ चा प्रत्येक डबा सुटा. त्याला स्वतःच्या मोटरी, स्वतःचा कॉम्प्रेसर, मोटरमनची खोली, सगळं असतं. एकटा डबा धावू शकतो. हीच गोष्ट ‘द फ्रेंच कनेक्शन’मधल्या आर-४२ गाडीवर रचली असती तर फसली असती, कारण आर-४२ चे डबे जोडीने चालतात आणि लागणारी यंत्रं दोघांत वाटून दिलेली असतात. जोडी तोडली की एकही डबा धड चालत नाही.

मोटरमनचा दांडा हा या चित्रपटांचा खरा कळीचा मुद्दा. न्यूयॉर्कच्या त्या काळच्या गाड्यांत वेगाचा दांडा हाताने खाली दाबून धरावा लागे. हात सुटला की दांडा उसळून वर येतो, ब्रेकच्या नळीतली हवा निघून जाते आणि गाडी करकचून थांबते. मुंबईच्या लोकलमध्येही याच हेतूची सोय आहे. पेल्हममध्ये चोरांनी यावर उपाय शोधलेला असतो, म्हणूनच रिकामा डबा पुढे सोडून ते मागे उतरू शकतात. तो उपाय नेमका कसा, हे पडद्यावर कोणाला नक्कल करता येईल असं उलगडत नाही, आणि ते योग्यच आहे. परवानगी देताना नक्कल होईल हीच रेल्वेवाल्यांची मोठी भीती होती. विम्याची मोठी रक्कम त्यांनी मागून घेतली. वर एक अट घातली: गाडीवर रंगाची एकही रेघ दिसता कामा नये. १९७४ मध्ये न्यूयॉर्कचे डबे आतून-बाहेरून फवाऱ्याच्या रंगाने भरलेले होते. त्यामुळे या चित्रपटातली सर्वात खोटी गोष्ट मार्ग नाही, सिग्नल नाही. ती आहे स्वच्छ डबा.

शेवटची धाव मात्र नकाशाशी जुळते. धीम्या रुळावरून सरळ गेलं तर गाडी ब्रुकलिन ब्रिज स्टेशनानंतर, १९४५ मध्ये बंद झालेल्या सिटी हॉल स्टेशनातल्या वळणावरून परत उत्तरेकडे फिरते. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाच्या साउथ फेरी स्टेशनाला जायचं तर त्याआधी सांधा बदलून जलद रुळावर यावंच लागतं. म्हणून चोर सगळे सिग्नल हिरवे आणि साउथ फेरीपर्यंत मोकळा मार्ग मागतात, ती मागणी अर्थपूर्ण आहे. आणि गाडी थांबते तीही खऱ्या कारणाने. प्रत्येक सिग्नलजवळ रुळालगत लोखंडी हात असतो. सिग्नल लाल असला की तो वर उभा राहतो. गाडी पुढे गेली तर डब्याखालची ब्रेकची कळ त्याला आपटते आणि ब्रेक आपोआप लागतो. यात मोटरमन असो वा नसो, फरक पडत नाही. साउथ फेरीचं वळण अतिशय तीव्र आहे. तिथे बेलगाम धावणारा डबा थांबवायचा हाच मार्ग.

‘द फ्रेंच कनेक्शन’ (१९७१) मध्ये वरून धावणाऱ्या गाडीचा खालून मोटारीने केलेला पाठलाग दांडा आणि रुळालगतचा हात या दोन गोष्टींवरच उभा आहे. मोटरमन कोसळतो आणि गाडी धावतच राहते, इथे मन अडखळतं. दांडा सुटायला हवा होता. शरीराचं वजन दांड्यावर पडून राहिलं तर तो दाबलेला राहू शकतो, एवढीच एक वाट उरते. पुढे उभ्या गाडीआधी रुळालगतचा हात ब्रेक लावतो, ते बरोबर. पण हा हात नुसता लाल सिग्नलपाशी नसतो, तो भरधाव गाडी पुरती थांबेल एवढं अंतर राखून बसवतात. म्हणून पुढच्या गाडीच्या शेपटाला जाऊन भिडण्याची वेळ यायला नको होती. चित्रीकरणात तसं काही घडू दिलंही नाही. कॅमेऱ्याची गाडी उभ्या गाडीपासून दूर नेत चित्रण केलं आणि फिल्म उलटी चालवली.

मार्गाच्या बाबतीत हा पाठलाग कमालीचा प्रामाणिक आहे. गाडी ब्रुकलिनमधल्या वेस्ट एंड मार्गावर बे ५०व्या रस्त्याहून निघते आणि ६२व्या रस्त्यावर संपते. मधली स्टेशनं क्रमाने २५वी अॅव्हेन्यू, बे पार्कवे, २०वी, १८वी, मग ७९वा आणि ७१वा रस्ता. आकड्यांची उलटसुलट दिसते ती चूक नाही. मार्ग ८६व्या रस्त्यावरून न्यू युट्रेक्ट अॅव्हेन्यूवर वळतो, तिथे अॅव्हेन्यूचे आकडे संपून रस्त्यांचे सुरू होतात. वर लोखंडी पूल, खाली खांबांच्या मधून मोटार, ही रचना तिथली खरीखुरी. मोटार अधूनमधून नकाशावर उडी मारते, ते संकलनाने केलेलं.

चूक दिसते ती डब्याच्या पाटीवर. पाटी ‘एन’ची आहे. वेस्ट एंडवर १९६७ पासून ‘बी’ गाड्या धावत होत्या. वापरलेले डबे ४५७२ आणि ४५७३, आणि ते तेव्हा एन मार्गाला दिलेले असल्याने त्यांच्या पाटीच्या गुंडाळीत ‘बी’ नव्हताच. यातली सर्वात सुंदर गोष्ट शेवटच्या स्टेशनात आहे. ६२व्या रस्त्यावर वेस्ट एंडचा पूल दुसऱ्या एका मार्गाला ओलांडतो. तो मार्ग खाली उघड्या खंदकातून जातो, आणि तोच खरा एन मार्ग, सी बीच. खोटी पाटी लावलेली गाडी नेमकी खऱ्या एनच्या डोक्यावर येऊन थांबते. हे दोन्ही डबे २००९ मध्ये सेवेतून काढले आणि संग्रहालयासाठी राखून ठेवले.

‘द वॉरियर्स’कडून मार्गाची अपेक्षा ठेवू नये. गोष्ट एका टोळीच्या ब्राँक्समधल्या व्हॅन कोर्टलँड पार्कहून ब्रुकलिनच्या कोनी आयलंडला परतण्याची. पार्क म्हणून दाखवलं आहे मॅनहॅटनचं रिव्हरसाइड पार्क. आयआरटीची एकही गाडी कोनी आयलंडच्या स्टिलवेल अॅव्हेन्यूला जात नाही, त्यामुळे मध्ये गाडी बदलावी लागणार हे खरं. पण चित्रपटात ते ज्या युनियन स्क्वेअरला गाठ घालतात, तिथे ९६व्या रस्त्यावर ब्रॉडवेखालून जाणारी गाडी येतच नाही, ती १४व्या रस्त्यावर सातव्या अॅव्हेन्यूखाली थांबते. या गाडीतून उतरून कोनी आयलंडची गाडी पकडायची तर टाइम्स स्क्वेअर सोयीचं. दादरला उतरायचं सोडून कुर्ल्याला गाठ घालण्यासारखं आहे हे.

स्वतः तपासून बघायचं तर डब्यावरचा चार आकडी क्रमांक आधी टिपा. ७३०० ते ७७४९ असेल तर आर-२२, अरुंद डबा, आकड्यांचा मार्ग. ४५५० ते ४९४९ असेल तर आर-४२, रुंद, अक्षरांचा. मग फलाट मधला की कडेचा ते बघा, रूळ मोजा, आणि भिंतीची फरशी जुळते का ते पाहा. गाडीला वीज देणाऱ्या तिसऱ्या रुळावरून मात्र काही कळत नाही. ६०० व्होल्टचा तो रूळ आणि त्यावरची लाकडी फळी तिन्ही यंत्रणांत सारखीच.

कोर्ट स्ट्रीट १९७६ पासून न्यूयॉर्कचं वाहतूक संग्रहालय आहे, आणि होयट–शर्महॉर्नकडून येणारे शटलचे रूळ आजही तिथवर पोहोचतात. जुने डबे त्याच मधल्या फलाटाला लागून उभे असतात, रुंदही आणि अरुंदही. आयआरटीच्या डब्याच्या दारात उभं राहून खाली बघितलं की साडेसात इंचांचा हिशेब डोळ्यांसमोर येतो.

आणि पेल्हम बे पार्कहून १ वाजून २३ मिनिटांनी सुटणारी गाडी चित्रपटानंतर कित्येक वर्षं वेळापत्रकात ठेवलीच नाही.