घरची लॅब, आठवडा तिसरा : ९४० चे ३७० कसे झाले

घरच्या यंत्रांवर नजर ठेवायला झॅबिक्स की प्रोमिथियस, हा प्रश्न एकदाचा सुटला. झॅबिक्स घेतलं. घरात दोन जुने डेस्कटॉप, एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) आणि एक मॅनेज्ड स्विच (यंत्रं केबलने एकमेकांना जोडणारा डबा) आहे. स्विचवर एजंट (आकडे पाठवणारा छोटा प्रोग्राम) बसत नाही, त्याला एसएनएमपीनेच (नेटवर्कच्या उपकरणांना आकडे विचारायची ठरलेली पद्धत) विचारावं लागतं. प्रोमिथियसला त्यासाठी वेगळा एक्स्पोर्टर (आकडे आणून देणारा प्रोग्राम) लागतो, सूचनांना अलर्टमॅनेजर, आलेखांना बहुतेक जण ग्राफाना जोडतात. झॅबिक्समध्ये सगळं एकत्र मिळालं. शिवाय प्रोमिथियस मुळात १५ दिवसांचाच डेटा ठेवतं (वाढवता येतो), झॅबिक्स तासातासाची सरासरी वर्षभर जपतं. मला या मे महिन्यातलं डिस्कचं तापमान पुढच्या मे महिन्याशी ताडून पाहायचंय.

पण आठवडा खाल्ला तो स्विचच्या एका पोर्टने. आयपर्फ (नेटवर्कचा वेग मोजणारं साधन) लावून दोन डेस्कटॉपमध्ये चाचणी घेतली, वेग आला ९४० एमबीपीएस. झॅबिक्सच्या आलेखात त्याच वेळी ३७० च्या आसपास, तेही मधे मधे तुटलेलं. केबल बदलली, पोर्ट बदललं, फरक शून्य.

दोष माझ्या आयटममध्ये (काय मोजायचं हे झॅबिक्सला सांगणारी नोंद) होता. तयार टेम्प्लेट न वापरता हाताने लिहिताना मी इफ-इन-ऑक्टेट्स (पोर्टवर आलेले बाइट मोजणारा आकडा) घेतलं होतं. तो ३२ बिटांचा काउंटर. जुन्या स्कूटरच्या मीटरसारखा भरला की पुन्हा शून्यापासून सुरू होतो, आणि पूर्ण गिगाबिट वेगाला तो साधारण ३४ सेकंदांतच भरतो. मी विचारत होतो ६० सेकंदांनी! मधला एक अख्खा फेरा, म्हणजे ४.२९ जीबी, हिशेबातून गायब. नवा आकडा आधीच्यापेक्षा लहान आला की झॅबिक्स ती नोंद सोडून देतं, म्हणून आलेखात खिंडारं. कागदावर गणित मांडलं तर उत्तर ३६७ आलं. त्या क्षणी झालेला आनंद इथल्या मंडळींना वेगळा सांगायला नको.

उपाय : इफ-एचसी-इन-ऑक्टेट्स, ६४ बिटांचा. तो एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत मिळत नाही, त्यामुळे स्विच २सी या पुढच्या आवृत्तीवर आणला. आता आलेखातही ९४० दिसतात.

झॅबिक्सचा सर्व्हरच बंद पडला तर कळवणार कोण? म्हणून रास्पबेरी पायवर अपटाइम कुमा टाकलंय. ते दर मिनिटाला झॅबिक्सचं पान उघडून बघतं. काल रात्री मुद्दाम झॅबिक्सच्या डेस्कटॉपची वायर काढली, तर थोड्याच वेळात फोनवर टेलिग्रामचा संदेश आला.