फसलेल्या ऊर्जाप्रयोगांचा पैसा कुठे जातो?

ऊर्जेच्या विषयावर बोलून झाले की प्रश्नोत्तरांत एक प्रश्न हमखास येतो. वारा, ऊन आणि समुद्र यांच्यापासून वीज मिळवण्याचे इतके प्रयोग फसले, कंपन्या बुडाल्या, सरकारचा पैसा पाण्यात गेला; मग तोच पैसा सिद्ध झालेल्या तंत्रावर लावला असता तर बरे झाले नसते का? तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो. माझ्या मते यातील बराचसा खर्च सार्थकी लागला. जो लागला नाही, त्याचे कारण प्रयोग फसणे हे नसून फसल्यानंतर हाती काहीच न उरणे, हे होते.

आज ज्या पवनचक्कीला आपण सिद्ध तंत्र म्हणतो, तिच्यापासूनच सुरुवात करू. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात ग्रँडपाज नॉब नावाच्या डोंगरावर १९४१ मध्ये सव्वा मेगावॅट क्षमतेची पवनचक्की उभी राहिली. एक मेगावॅटचा टप्पा ओलांडणारी ती जगातील पहिली पवनचक्की. कल्पना पामर पुटनम यांची आणि पैसा जलविद्युत टर्बाइन बनवणाऱ्या एस. मॉर्गन स्मिथ कंपनीचा, असा तो योग होता. १९४३ च्या फेब्रुवारीत तिचे मुख्य बेअरिंग निकामी झाले आणि युद्धाच्या धामधुमीत ते बदलून मिळायला दोन वर्षे लागली. तेवढा काळ जागच्या जागी उभ्या असलेल्या पात्यांवर वाऱ्याचा मारा मात्र सुरूच राहिला. पात्यांच्या मुळाशी रचना कच्ची आहे हे अभियंत्यांच्या ध्यानात आले होते, पण ती नव्याने करून घेण्यासारखी परिस्थिती नव्हती. चक्की पुन्हा सुरू झाल्यावर महिनाही उलटला नाही तोच, २६ मार्च १९४५ च्या पहाटे, सुमारे आठ टनांचे एक पोलादी पाते मुळाशी तुटले आणि डोंगरउतारावर शेकडो फूट दूर जाऊन पडले. तोवर चक्की जेमतेम अकराशे तास चालली होती. तशाच चक्क्या नव्याने उभारण्याचा खर्च वीज कंपनीला परवडणारा नाही, असा हिशेब निघाल्यावर स्मिथ कंपनीने काम थांबवले.

इथवरची गोष्ट ऐकून कोणीही हा खर्च फुकट गेला असेच म्हणेल. पण या मंडळींनी आपली मोजमापे आणि खर्चाचे आकडे कपाटात बंद करून ठेवले नाहीत; पुटनम यांनी १९४८ मध्ये ते सगळे पुस्तकरूपाने जगापुढे मांडले. त्या डोंगरावरचा वारा अंदाजापेक्षा बराच कमी निघाला, ही कबुलीही त्यात आहे. वाऱ्यातील ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे वेगाच्या अंदाजातील लहानशी चूकही सारे गणित बिघडवते, आणि जागा निवडण्याआधी वारा नीट मोजला पाहिजे हा धडा त्यातूनच ठसठशीतपणे पुढे आला. सततच्या वाऱ्याने झाडे किती वाकली आहेत यावरून त्या जागेचा वारा ताडण्याची जी पद्धत आजही वापरली जाते, तिचे मूळही याच कामात आहे.

आता दुसरे टोक पाहा. जर्मनीने १९८३ मध्ये ग्रोवियान नावाची तीन मेगावॅटची, शंभर मीटर व्यासाची प्रचंड पवनचक्की सुरू केली. हेलकाव्यांच्या ताणाने सांध्यांना तडे जात राहिले, ती बहुतेक काळ बंदच राहिली आणि १९८८ मध्ये मोडीत निघाली. हे जमणारे नाही हे सिद्ध व्हावे म्हणून तरी ती हवी, असे वीज उद्योगातील काही जण त्या काळी उघडपणे बोलत होते. तेव्हा तिच्याकडून शिकण्याची इच्छा कितपत होती, याची मला शंकाच आहे. याच सुमारास शेजारच्या डेन्मार्कमध्ये लहान कारखाने दहा-वीस ते पन्नास-साठ किलोवॅटच्या चक्क्या बनवत होते. त्यांच्यापुढे योहानेस यूल यांनी १९५७ मध्ये गेडसर येथे उभारलेल्या दोनशे किलोवॅटच्या तीन पात्यांच्या चक्कीचा नमुना होता, आणि ती फारशी दुरुस्ती न लागता दहा वर्षे चालली होती. या लहान चक्क्याही मोडत होत्याच, पण एक मोडली तर एका शेतकऱ्याचे नुकसान होई, देशाची नाचक्की होत नसे. शिवाय चक्की-मालकांची संघटना कोणत्या बनावटीच्या चक्कीने किती वीज दिली आणि तिच्यात काय बिघडले, हे नियमितपणे छापत असे, आणि १९७८ मध्ये रिसो येथे चाचणी केंद्र सुरू झाल्यावर त्याच्या मान्यतेशिवाय सरकारी अनुदान मिळेनासे झाले. अपयश स्वस्त होते आणि उघडही होते. पुढची चक्की त्यामुळेच सुधारत गेली.

हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात बहुधा सोलिंड्रा ही कंपनी असते. महागड्या सिलिकॉनशिवाय नळीच्या आकाराची सौर पॅनेल बनवणाऱ्या या अमेरिकी कंपनीला २००९ मध्ये ५३.५ कोटी डॉलरच्या कर्जाची सरकारी हमी मिळाली, सिलिकॉनच्या किमती कोसळल्यावर तिचे वेगळेपण बाजारात टिकले नाही आणि २०११ मध्ये तिने दिवाळे काढले. त्याच ऊर्जा खात्याच्या दुसऱ्या एका योजनेतून कर्ज घेतलेल्या टेस्ला या मोटार कंपनीने २०१३ मध्ये मुदतीआधी परतफेड केली, आणि २०१४ पर्यंत खात्याच्या या कर्जयोजनांचे एकत्रित व्याजाचे उत्पन्न बुडीत रकमेपेक्षा अधिक झाले होते. असे असले तरी सोलिंड्राला मी प्रयोग म्हणणार नाही. तो बाजारभावावर लावलेला पैसा होता, आणि त्याचा हिशेब व्याज-बुडिताच्या वहीतच व्हावा.

समुद्राचे प्रकरण अधिक अवघड आहे. पृष्ठभागाचे कोमट पाणी आणि खोलवरचे थंड पाणी यांच्या तापमानातील फरकावर वीज बनवण्याचा प्रयोग जॉर्ज क्लोद या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९३० मध्ये क्यूबात केला. थंड पाणी वर आणणारा लांबलचक नळ समुद्राने गिळला, आणि जी वीज निघाली ती यंत्रणा चालवायला लागणाऱ्या विजेपेक्षाही कमी होती. भारताच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने या शतकाच्या सुरुवातीला तुतिकोरिनजवळ ‘सागर शक्ती’ या तराफ्यावर एक मेगावॅटचा तसाच प्रयोग केला, तोही थंड पाण्याच्या नळापाशीच अडला. वीज मिळाली नाही. पण तापमानातील हाच फरक वापरून, कमी दाबाखाली समुद्राच्या पाण्याची वाफ करून गोडे पाणी मिळवता येते, आणि त्याच संस्थेने २००५ मध्ये लक्षद्वीपमधील कवरत्ती बेटावर दररोज एक लाख लिटर पाणी देणारा प्रकल्प उभा केला. सत्तर वर्षांच्या अंतराने त्याच नळापाशी पुन्हा अडावे लागले याची खंत वाटते, पण दुसऱ्या वेळी ते काम करणारी माणसे आणि त्यांची विद्या संस्थेतच राहिली, हे कमी नाही.

लाटांपासून वीज बनवणाऱ्या पेलामिस कंपनीची तीन यंत्रे २००८ मध्ये पोर्तुगालच्या किनाऱ्यावर बसवली गेली आणि काही महिन्यांतच बंदरात परत ओढून आणावी लागली. २०१४ मध्ये कंपनी बुडाली, तेव्हा स्कॉटलंडच्या सरकारी संस्थेने तिची तांत्रिक माहिती विकत घेऊन ठेवली. ती तशी घेतली नसती तर दहा-पंधरा वर्षांचे काम कर्जवसुलीच्या कागदांत हरवले असते. २०२० मध्ये गूगलची पालक कंपनी अल्फाबेटने वाऱ्यावर उडत वीज बनवणाऱ्या यंत्रांचा मकानी प्रकल्प बंद केला, तेव्हा त्यातील अभियंत्यांनी अपघातांच्या चौकशीसकट सारे अहवाल सर्वांसाठी खुले केले; खासगी पैशाने चाललेल्या प्रकल्पात हे क्वचितच घडते.

तेव्हा लाटांवर आणखी सरकारी पैसा घालावा का, असे पुढे विचाराल तर मी होय म्हणेन. मात्र तो टप्प्याटप्प्याने द्यावा, आधी टाकीतल्या लहान प्रतिकृतीला आणि ती टिकली तरच समुद्रातल्या यंत्राला. आणि पहिला हप्ता सोडण्याआधीच, यंत्र बुडाले तरी त्याची मोजमापे प्रसिद्ध होतील, असे करारात लिहून घ्यावे.