विजेने माती धुताना काळ्या मातीतला चुना आडवा येतो: माझा अनुभव

शिशाने दूषित झालेली माती विजेने साफ करता येते. ओल्या मातीच्या दोन टोकांना इलेक्ट्रोड लावून डीसी (एकाच दिशेचा) करंट सोडला की शिशाचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, कॅथोडकडे (ऋण टोकाकडे) सरकतात, तिथल्या पाण्यात उतरतात. ते पाणी काढून घ्यायचं. केओलिनसारख्या पांढऱ्या मातीत हे सुरळीत चालतं, आणि बरेच प्रयोग तिच्यावरच झालेले असतात. आपल्या काळ्या मातीत मात्र गाडी अडते. ती नेमकी कुठे अडते हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर कितीतरी आठवडे वाचले असते.

पेटी ॲक्रिलिकची. मातीचा भाग २० सेंमी लांब, १० रुंद, १० खोल. साधारण २ किलो कोरडी माती बसते. दोन्ही टोकांना पाण्याचे कप्पे, त्यात ग्रॅफाइटच्या पट्ट्या, माती आणि पाणी यांच्यामध्ये फिल्टर पेपर. २० व्होल्ट, म्हणजे सेंटिमीटरला एक. ॲनोडला (धन टोकाला) लोखंड लावू नका, ते विरघळून मातीत शिरतं.

आता अडतं कुठे ते. ॲनोडपाशी पाणी फुटून आम्ल तयार होतं, कॅथोडपाशी अल्कली. आम्ल मातीत पुढे सरकलं तरच मातीच्या कणांना चिकटलेलं शिसं सुटतं. पण काळ्या मातीत चुनखडी असते आणि ती हे आम्ल वाटेतच खाऊन टाकते. हिशेब करून बघा. ५ टक्के चुना (म्हणजे ही चुनखडीच) धरला तर २ किलो मातीत १०० ग्रॅम, म्हणजे एक मोल (रसायनशास्त्रातलं कणांच्या संख्येचं माप). तो विरघळवायला दोन मोल आम्ल लागतं. १०० मिलीॲम्पिअर करंट दिवसभर चालला तर जेमतेम ०.०९ मोल आम्ल बनतं. म्हणजे एक थेंबही वाया गेला नाही तरी बावीस दिवस. करंट ३० मिलीॲम्पिअरवर उतरला, आणि तो उतरतोच, की अडीच महिने. हा हिशेब पहिल्या दिवशीच करायचा असतो.

दर २ सेंमीवर स्टीलची सुई खोचून मल्टिमीटर लावला की अडलेली जागा दिसते. व्होल्टेज सगळीकडे सारखं उतरत नाही. जिथे सामू (pH) ४ वरून एकदम ८ वर जातो त्या तीन-चार सेंटिमीटरमध्येच बराचसा भाग खर्च होतो. आम्लातून सुटलेलं शिसं तिथे पुन्हा साक्यासारखं बसतं. अशा वेळी व्होल्टेज वाढवायचा मोह टाळा. माती तापते, सुकते, तिला भेगा पडतात, आणि मग करंट आणखीच कमी होतो. आणखी एक त्रास म्हणजे चुना विरघळला की कॅल्शियम मोकळं होतं आणि करंटचा मोठा वाटा तेच वाहून नेतं, शिशाच्या वाट्याला थोडाच येतो.

मार्ग निघाला ॲसेटिक ॲसिडने (व्हिनेगरमधलं आम्ल). कॅथोडच्या कप्प्यात सामू ५ च्या आसपास ठेवायचा. १०० मिलीॲम्पिअरला रोज किमान ५ मिली ग्लेशियल (पाणी न मिसळलेलं) ॲसिड लागतं, थेंबाथेंबाने. शिसं आणि कॅल्शियम दोघांचेही ॲसेटेट (या ॲसिडचे क्षार) पाण्यात विरघळतात, हाच त्याचा गुण. सल्फ्युरिक घातलं तर लेड सल्फेट आणि जिप्सम बसून सगळं तुंबतं. हायड्रोक्लोरिकने ॲनोडवर क्लोरीन सुटतो. सायट्रिकचं कॅल्शियमशी जमत नाही, पांढरा गाळ धरतो. ॲसेटिक घातल्यावर मधला पट्टा हलू लागला आणि कॅथोडच्या ग्रॅफाइटवर करडी, भुसभुशीत शिशाची साय दिसली, तेव्हा जिवात जीव आला.

एक सांगायचं राहिलं. पेटी भरण्याआधी चिमूटभर मातीवर पातळ हायड्रोक्लोरिकचे दोन थेंब टाका. जोरात फसफसली तर आधी माती परीक्षणात मुक्त चुन्याचं प्रमाण काढून घ्या, मगच दिवस ठरवा. खारवट माती असेल तर क्लोराइडही तपासा, नाहीतर ॲसिड न घालताही क्लोरीन निघेल. कॅथोडवर हायड्रोजन सुटतो, म्हणून खोलीची खिडकी उघडी हवी आणि जवळपास ज्योत नको.

शेवटी मातीचे २ सेंमीचे काप करून प्रत्येक वेगळा तपासायला द्या. सगळी माती कालवून एकच नमुना दिला तर शिसं बाहेर पडलं की नुसतं मधे जाऊन बसलं, ते कळणार नाही.