फायरवॉल ओलांडणारी सिद्धता: माझा सेमिनारचा अनुभव

एम.टेक.च्या सेमिनारसाठी मी मोबाइल अ‍ॅम्बियंट्स निवडलं. लुका कार्डेली आणि अँड्र्यू गॉर्डन यांनी १९९८ मध्ये मांडलेलं हे कॅल्क्युलस, म्हणजे एका जागेतून दुसरीकडे जाणाऱ्या प्रोग्रॅमचं वर्तन नियमांनी लिहायची गणिती पद्धत. आधी शिकलेल्या पाय-कॅल्क्युलस या अशाच पद्धतीत चॅनेलची, म्हणजे संवादाच्या वाटांची, नावं इकडून तिकडे जातात. इथे अख्खी जागाच चालू लागते. अ‍ॅम्बियंट म्हणजे नाव आणि सीमा असलेली जागा. आत प्रक्रिया चालतात, आणखी अ‍ॅम्बियंट्सही असतात. हालचालीचे अधिकार तीनच: शेजारच्यात शिरायचं ‘इन’, बाहेर पडायचं ‘आऊट’ आणि एखाद्याची सीमाच मोडून आतलं मोकळं करणारं ‘ओपन’. नाव माहीत असेल तर त्यावरून अधिकार बनवता येतो, पण हाती आलेल्या अधिकारावरून नाव काढता येत नाही. सगळी सुरक्षा या एका वाक्यावर उभी आहे, हे मला फायरवॉलचं उदाहरण हाताने सोडवताना कळलं.

या उदाहरणात फायरवॉल म्हणजे राखलेली जागा आणि एजंट म्हणजे तिच्यात शिरू पाहणारा पाहुणा; दोन्ही अ‍ॅम्बियंट्सच. फायरवॉलचं खरं नाव बाहेर कोणालाच ठाऊक नसतं. एजंट आणि ती यांच्यात तीन गुप्त नावं मात्र आधीच ठरलेली असतात. पहिल्या नावाचा वाटाड्या अ‍ॅम्बियंट फायरवॉलमधून बाहेर येतो आणि दुसऱ्या नावाच्या एजंटमध्ये शिरतो. एजंट त्याला ओपन करतो. वाटाड्यापाशी उरलेला ‘फायरवॉलमध्ये इन’ हा अधिकार आता एजंटचा होतो, आणि फायरवॉलचं नाव न कळताच एजंट आत पोचतो. तिथे फायरवॉल त्याचं कवच, म्हणजे बाहेरची सीमा, उघडते. तिसरं नाव कशाला, हे बराच वेळ उलगडत नव्हतं. मग ते काढून टाकून मी सगळी पावलं पुन्हा लिहिली, तेव्हा दिसलं: एजंटमधली मूळ प्रक्रिया वाटेतच जागी होते आणि या देवघेवीत ढवळाढवळ करू शकते. तिसऱ्या नावाचं आतलं कवच तिला शेवटपर्यंत कोंडून ठेवतं.

प्रत्येक पावलाला ‘इथे आणखी कोणता नियम लागू होतो?’ हे विचारायची सवय मला मॅडमनी लावली. त्यानेच मी लेव्ही आणि सँज्योर्जी यांच्या २००० सालच्या सुधारित रूपापर्यंत, सेफ अ‍ॅम्बियंट्सपर्यंत पोचले. त्यांनी दाखवलेली अडचण अशी: एखादा अ‍ॅम्बियंट शेजारच्यात शिरायच्या बेतात असतो आणि त्याच वेळी बाहेरची प्रक्रिया त्याला ओपन करायला टपलेली असते. दोन्ही पावलं नियमात बसतात, पण नंतरचं चित्र पार वेगळं होतं. त्यांचा उपाय मला फार आवडला: प्रत्येक पाऊल दोन्ही बाजूंच्या संमतीनेच. म्हणजे शिरणाऱ्याने ‘इन’ म्हणायचं आणि ज्याच्यात शिरायचं त्यानेही तशी मुभा द्यायची. दाराची कडी आतूनही काढावी लागते, तसंच. प्रवेशनियंत्रण म्हणताना आपण आत येणाऱ्याची ओळख तपासतो, पण यजमानाची संमती नियमातच लिहिणं मला जास्त भक्कम वाटतं.

बुग्लिएसी, कास्तान्या आणि क्राफा यांच्या आणखी एका रूपात, बॉक्स्ड अ‍ॅम्बियंट्समध्ये तर ‘ओपन’च नाही. बाहेरचा आणि आतला अ‍ॅम्बियंट सीमेवरून थेट बोलतात. त्यामुळे कोणत्या सीमेवरून कोण वाचतं, कोण लिहितं, एवढाच प्रश्न उरतो, आणि गुप्त माहिती खालच्या पातळीवर झिरपू नये म्हणून असलेले बेल-लापाड्युलाचे नियम (वरच्या पातळीचं वाचू नये, खालच्या पातळीवर लिहू नये) टाइप सिस्टिममध्ये, म्हणजे प्रोग्रॅम चालवण्याआधीच तपासता येणाऱ्या नियमांत, मांडता येतात. सेमिनारमध्ये या भागाला वेळ कमी पडला.

सध्या प्रबंधासाठी मी तीच फायरवॉल सेफ अ‍ॅम्बियंट्समध्ये लिहितेय. वाटाड्याला एजंटमध्ये शिरू द्यायची मुभा नेमकी कोणत्या पावलावर द्यायची, तिथपर्यंत आले आहे.