फळीवरच्या बाटल्या : आमची वाटचाल

शारजातल्या आमच्या गिअर दुरुस्तीच्या वर्कशॉपात शिरलं की डाव्या हाताला एक लोखंडी फळी दिसते. तिच्यावर पाण्याच्या दोनशे मिलीच्या छोट्या बाटल्या ओळीने मांडल्यात, पण आत पाणी नाही, तेल आहे. एखादी डाळिंबाच्या रसासारखी लाल, एखादी कोऱ्या चहाच्या रंगाची, काही डांबरासारख्या काळ्या आणि चार-पाच चक्क स्ट्रॉबेरी मिल्कशेक. प्रत्येकीवर मार्करने गाडीचा नंबर, किलोमीटर आणि तारीख. इतक्या वर्षांत काय कमावलं असं कोणी विचारलं, की माझा मेव्हणा त्या फळीकडे बोट दाखवतो. तो चेष्टेने दाखवतो, पण फार खोटं नाही ते.

मी मूळचा चिपळूणचा. वडील एसटीच्या आगारात फिटर होते. दहावीनंतर आयटीआयला मोटर मेकॅनिक केलं आणि १९९७ मध्ये मामाने शारजाचा व्हिसा पाठवला. मामा इथल्या इंडस्ट्रियल एरियात स्पेअर पार्टच्या दुकानात कामाला होता. मला त्याने शेजारच्या गिअरवाल्याकडे हेल्पर म्हणून चिकटवलं. पगार ६०० दिरहम, खोलीत आठ माणसं, आणि डोक्यावर पेशावरचा एक उस्ताद. तीन महिने उस्तादाने मला डिझेलमध्ये पार्ट धुण्यापलीकडे काही करू दिलं नाही.

इथे गिअरबॉक्सला कोणी गिअरबॉक्स म्हणत नाही. अरबी गिऱ्हाईक दारातूनच ओरडतं, "गेर खरबान!" गेर म्हणजे गिअर, खरबान म्हणजे बिघडलाय. जीएमसीच्या गाडीला इथे जिम्स म्हणतात. "जिम्स, गेर खरबान" एवढ्या तीन शब्दांवर आमच्या गल्लीतली निम्मी दुकानं चालतात.

हाताचा गिअर मला वडिलांमुळे माहीत होता. दात, शाफ्ट, बेअरिंग. काय मोडलंय ते डोळ्यांना दिसतं. ऑटोमॅटिक पहिल्यांदा खोलला तेव्हा मात्र गांगरलो. व्हॉल्व्ह बॉडी म्हणजे वारूळ मधोमध चिरल्यासारखी दिसते, सगळी भुयारंच भुयारं. तेल कुठल्या भुयारातून किती दाबाने जातं त्यावर क्लचच्या कुठल्या प्लेटा आवळायच्या ते ठरतं, आणि प्लेटा आवळल्या की गिअर पडतो. म्हणजे तेल इथे नुसतं वंगण नसतं, ते कामगारही असतं. हे कळायला मला दोन वर्षं लागली.

त्या काळात आमच्याकडे सगळ्यात जास्त यायच्या त्या जुन्या अमेरिकन पिकअप, सिल्व्हराडो आणि सिएरा. त्यांच्यात फोर-एल-सिक्स्टी-ई नावाचा चार गिअरचा बॉक्स. १९९३ पासूनचा, त्याआधीच्या सेव्हन-हंड्रेड-आर-फोर बॉक्सला वायरी आणि सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारे व्हॉल्व्ह, जोडून केलेला. चांगला बॉक्स आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण त्याच्या खोडी ठरलेल्या. तिसरा-चौथा मिळून एक क्लच आहे, तो आधी जळतो. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना नुसती रेस वाढते, गाडी उचलत नाही. सन शेल, म्हणजे आतल्या सन गिअरला जोडलेली पत्र्याची वाटी, तुटली तर दुसरा, चौथा आणि रिव्हर्स एकदम जातात, पहिला आणि तिसरा मात्र शाबूत. कन्व्हर्टर म्हणजे इंजिनची ताकद तेलातून गिअरला देणारा डबा; त्याचं लॉक लावणारा व्हॉल्व्ह ज्या ॲल्युमिनियमच्या भोकात सरकतो ते भोक झिजलं, की हायवेला गाडी स्लिप होते आणि स्कॅनरवर पी १८७० हा बिघाडाचा कोड येतो. हे तीन आजार पाठ असले की निम्मं पोट भरतं, असं तेव्हा वाटायचं.

२००८ मध्ये मी आणि मेव्हण्याने स्वतःचं शटर घेतलं. कफील, म्हणजे इथला स्थानिक स्पॉन्सर, भला माणूस होता, वर्षाची फी घ्यायचा आणि रमजानमध्ये खजुराचा डबा पाठवायचा. त्याच वर्षाअखेरीस मंदी आली. नवीन गाड्या घेणारे थांबले आणि जुन्या दुरुस्त करणारे वाढले, म्हणून आम्ही तगलो. त्यात हुशारी काही नव्हती.

हुशारी नव्हती हे २००९ मध्ये नीटच कळलं. एक सिल्व्हराडो आली, २००२ चं मॉडेल. तिसरा-चौथा क्लच जळलेला. खोलला, नवीन प्लेटा, सील किट, कन्व्हर्टर, सगळं टाकून दिलं. तीन आठवड्यांत परत, प्लेटा काळ्या. स्वतःच्या खिशातून पुन्हा केला. दोन महिन्यांनी तिसऱ्यांदा. गिऱ्हाईक म्हणालं, तुम्ही जुना माल घातलात. आम्ही म्हणालो, तुम्ही वाळूत हाणलीत. दोघांकडे पुरावा शून्य. शेवटी जुन्या उस्तादाला घेऊन आलो. त्याने गिअरकडे पाहिलंसुद्धा नाही. बॉनेट उघडलं, रेडिएटरच्या पाइपला हात लावला आणि विचारलं, "कूलर धोया था?"

आम्ही धुतला नव्हता. या गाडीत गिअरचं तेल रेडिएटरच्या पोटातल्या एका छोट्या कूलरमधून थंड होऊन परत येतं. पहिल्या वेळी जळलेल्या प्लेटांचा भुगा तिथे बसला होता. शारजाच्या ऑगस्टमध्ये, पंचेचाळीस डिग्रीत, तेल थंडच होत नव्हतं. तेलाचा ताप १२० च्या वर गेला की त्याची वाट लागते, आणि तेल गेलं की प्लेटा गेल्या. आम्ही तीनदा ताप उतरवला, आजार तसाच ठेवून. त्या तीन महिन्यांत गावी एक दिरहम पाठवला नाही, आईला सांगितलं बँकेचा घोळ आहे.

तेव्हापासून गिअर बसवला की कूलरची परतीची नळी काढून डब्यात सोडतो आणि इंजिन चालू करतो. वीस सेकंदांत साधारण लिटरभर तेल पडलं पाहिजे. नाही पडलं तर गाडी दारातून बाहेर जात नाही. आणि तेव्हापासूनच बाटल्या. गाडी आली की आधी डिपस्टिकच्या नळीतून थोडं तेल ओढायचं, बाटलीत भरायचं, तारीख टाकायची, गिऱ्हाइकासमोर. भांडण झालं तर बाटली बोलते.

मेव्हणा वायरिंगचा माणूस. त्याच्यामुळे दुसरा नियम झाला: पाना शेवटी. आधी बॅटरी, अर्थ, फ्यूज, मग स्कॅनर, मग प्रेशर गेज, आणि मगच चेंबरचे, म्हणजे बॉक्सखालच्या तेलाच्या परातीचे, बोल्ट. मला सुरुवातीला हे पटायचं नाही. गिअरवाल्याला पैसे मिळतात ते खोलण्याचे, न खोलण्याचे कोण देणार? यावर आमचं आजही पुरतं एकमत नाही.

आता पावसाचं सांगतो, कारण आमच्या धंद्याचे दोन भाग पडतात, पावसाआधीचा आणि पावसानंतरचा.

खरं तर पहिला पाऊस इथला नव्हेच. २२ जुलै २०२१. इथे बकरी ईदची सुट्टी होती. पहाटे धाकट्या भावाचा चिपळूणहून फोन, वाशिष्ठीचं पाणी बाजारात शिरलंय. त्याचं छोटं गॅरेज आहे, पिकअप आणि टेंपो करतो. फोन चालू होता तोवर मी एकच सांगत राहिलो, "पाणी उतरलं तरी एकही गाडी स्टार्ट करू नको रे. आधी सगळी तेलं सोड." मग दीड दिवस फोन बंद. माणसं माळ्यावर सुखरूप होती, गाड्या गेल्या. पुढे आठवडाभर तो व्हिडिओ कॉलवर एकेका गाडीचा ड्रेन प्लग काढायचा आणि मी इथून बघायचो. आधी पाणी, मग चिखल, मग चहाच्या साईसारखं तेल.

तीन वर्षांनी तेच इथे. १६ एप्रिल २०२४. अल ऐनजवळच्या खत्म अल शक्ला इथे एका दिवसाच्या आत २५४ मिलिमीटर पाऊस पडला. १९४९ पासून नोंदी ठेवतात, त्यात एवढा कधीच नव्हता. कोकणातल्या माणसाला हा आकडा ऐकून काही वाटायचं नाही, आमच्याकडे आषाढात असा दिवस येतोच. पण इथे गटारंच नाहीत त्या मापाची. शारजात कासिमिया, अल मजाझ भागात कित्येक दिवस पाणी हललं नाही. आमच्या शटरमध्ये गुडघाभर होतं. ते ओसरलं आणि रिकव्हरीच्या, म्हणजे बंद गाड्या उचलून आणणाऱ्या, गाड्यांची रांग लागली.

पुरात गिअरमध्ये पाणी कसं जातं हे लोकांना खरं वाटत नाही, बॉक्स तर बंद असतो. बंद नसतो. माथ्यावर श्वास घ्यायची एक नळी असते. गरम बॉक्स एकदम थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि त्या नळीतून पाणी आत खेचलं जातं. मग डिपस्टिकला गुलाबी दूध लागतं. प्लेटांवरचं अस्तर कागदी असतं, ते पाणी पितं. त्या आठवड्यात एका पिकअपचा बॉक्स खोलला. प्लेट हातात घेतली, अंगठा फिरवला, तर अस्तर भिजलेल्या पापडासारखं निघून बोटाला चिकटलं. खाली नुसतं चकचकीत लोखंड. ती गाडी पाण्यातून काढून मालक दोन दिवस तशीच चालवत होता. कन्व्हर्टरला ड्रेन प्लग नसतो, म्हणून तो लेथवर कापून आतून धुवून परत वेल्ड करून घेतला.

त्याच गर्दीत ती सिएरा आली. २००४ चं मॉडेल, दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर. मालक अल धैदचा म्हातारा अरबाब, म्हणजे शेठ, खजुराची बाग असलेला. म्हणाला, गाडी जागेवरून उठतच नाही, रिव्हर्स मात्र झकास. एका गॅरेजने गिअर गेला म्हणून ४,५०० दिरहम सांगितलेले.

मेव्हणा तिला घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला आणि उतरता उतरता म्हणाला, "तिसऱ्यावर उठतेय." या बॉक्सची गंमत अशी, की दोन्ही शिफ्ट सोलेनॉइडची वीज गेली तर तो आपोआप तिसऱ्यात राहतो. रिव्हर्स लिव्हरच्या व्हॉल्व्हवर चालतो, त्याला सोलेनॉइड लागत नाहीत, म्हणून तो ठणठणीत. स्कॅनरला पी ०७५३ आणि पी ०७५८, म्हणजे दोन्ही सोलेनॉइडचे कोड एकदम. दोन भाऊ एकाच दिवशी आजारी पडले की घरातल्या पाण्यावर संशय घ्यावा. फ्यूज ठीक होता. गाडीखाली जाऊन बॉक्सच्या उजव्या अंगाचं गोल कनेक्टर काढलं. दोन्ही सोलेनॉइडना वीज देणारी बारा व्होल्टची पिन हिरवी पडून कुजली होती. आतले सोलेनॉइड मीटरवर वीस-पंचवीस ओहम दाखवत होते, म्हणजे धडधाकट.

तेल लाल होतं, पण पुरातल्या गाडीच्या रंगावर मी विश्वास ठेवत नाही. पोरांच्या चहाच्या शेगडीवर पत्र्याचा तुकडा तापवला आणि त्यावर बाटलीतला एक थेंब टाकला. तेलात पाणी असेल तर मोहरीसारखं तडतडतं. हे नुसतं पसरून धुरावलं. अरबाबने स्वतः दुसरा थेंब टाकून पाहिला. मी मोबाइलवर शूटिंग केलं.

कनेक्टर बदललं, तेल आणि फिल्टर बदलला, ३५० दिरहम घेतले. चेंबर काढल्यावर तळाला थोडी काळी पेस्ट होती. तीही शूटिंग करत त्याला दाखवली आणि सांगितलं, तिसऱ्या-चौथ्याच्या प्लेटा झिजत आल्यात, आज चालतील, किती दिवस ते सांगता येणार नाही. वाळूत नेलीस तर ओव्हरड्राइव्हवर, म्हणजे चौथा पडेल असं, ठेवू नकोस. तो हसून "इन्शाल्लाह" म्हणाला, त्यावरूनच समजलो, हा ऐकणार नाही.

त्या पावसाच्या तीन महिन्यांत आम्ही जेवढे बॉक्स खोलले, त्याच्या दुप्पट न खोलता परत पाठवले. मेव्हण्याने हिशेब मांडून दाखवला, न खोलल्यामुळे किती बुडालं. मी म्हटलं, नियम तुझाच. तो गप्प बसला, मग म्हणाला, "पुढच्या पुराला बदलू." आता सहा माणसं आहेत, शेजारचा गाळाही घेतलाय. २०२२ पासून शारजात सरकारी सुट्टी शुक्रवार ते रविवार झाली, गुरुवारी संध्याकाळी सगळ्यांनाच गाडी हवी असते. नवीन गाड्यांत दहा-दहा गिअर आलेत, त्यांचं शिकणं चालू आहे. भावाचा मुलगा चिपळूणहून आलाय, सध्या डिझेलमध्ये पार्ट धुतो.

नोव्हेंबरमध्ये अल बदायरच्या वाळूतून ती सिएरा रिकव्हरीवर आली. दुसऱ्यातून तिसऱ्यात रेस नुसती वर जात होती. अरबाब उतरला, आधी माझ्याकडे आणि मग फळीकडे बघितलं. म्हणाला, एप्रिलमध्ये तर चांगली म्हणाला होतास. मी त्याची बाटली काढली, शेजारी आजचं तेल भरलं, करपलेलं, नाक मुरडायला लावणारं. मग मोबाइलवरचा तो व्हिडिओ लावला, पेस्टवाला भाग पुढे करून. त्याने तो दोनदा पाहिला. मुलाला चहा आणायला पाठवलं, बाकड्यावर बसला आणि हात हलवून म्हणाला, "यल्ला, खोल."